विहीर निवळेपर्यंत

ओढ्याच्या पुलावर माझी स्कूटी घसरली आणि फिल्टरच्या पाण्याचा जार गडगडत थेट त्याच्या पायाशी गेला. त्यानं तो उचलला, हसला… हसणं छान होतं, म्हणून मला आणखीच झोंबलं.

"दारात विहीर असून जार?"

"विहिरीत तुमच्या गोठ्याचं शेण-मूत उतरलंय," मी म्हणाले. "येताय प्यायला?"

तो युवराज, ओढ्याच्या वरच्या अंगाला मोठा गोठा असलेल्या सर्जेरावांचा मुलगा, शिक्षण संपवून नुकताच गावी, निरवांगीला परतलेला. गोठ्याचं सांडपाणी सिमेंटच्या पक्क्या खड्ड्यात साठवायचं, ओढ्यात सोडायचं नाही, असा नियम आहे. पण पाळतो कोण? तपासणी आली की सर्जेराव गोठ्यातून ओढ्यात सोडलेल्या पाइपच्या तोंडात पोतं कोंबायचे, साहेबांना बासुंदी पाजायचे आणि जीप वळली की पोतं बाहेर. आमची विहीर ओढ्यालगतची. पाणी हिरवट झालं, आई आजारी पडली, तरी कुणाला लाज नाही.

त्या दिवसापासून जार तोच पोचवायला लागला. मी रोज 'तुमी-तुमी' करून भांडायचे. भांडायला का होईना, बोलतेस तर, असं तो म्हणायचा—आणि माझा राग कुठे जायचा कोण जाणे. घरी तो वडिलांशी भांडला. ते म्हणाले, आधी लग्न कर, मग गोठ्याचं बघू. त्यानं माझं नाव सांगितलं.

मंडळी मला बघायला आली. रीतीप्रमाणे मुलीनं आधी पाणी द्यायचं. मी विहिरीचं दिलं.

सर्जेरावांनी ग्लास तोंडाशी नेला आणि थांबले. "वास येतोय."

"तुमच्याच गोठ्याचा हाय, मामा. आमी ह्याच पाण्यात भांडी घासतो."

माझे वडील खाली बघू लागले. युवराजनं मात्र आपला ग्लास उचलून ओठांना लावला. मी झटकन त्यावर हात ठेवला.

"तू नगं पिऊस…"

सगळ्यांसमोर 'तू' म्हणाले! कान तापले, पण आता थांबायचं नव्हतं. "पक्का खड्डा बांधा. विहीर निवळली की तारीख काढा. त्याआधी न्हाय."

सर्जेराव पोह्यांना हात न लावता उठले. पण खड्डा झाला. मुलगा हट्टाला पेटला म्हणून झाला, नियमासाठी नाही, याचा मला अजून संताप येतो.

आता युवराज रोज संध्याकाळी आमच्या विहिरीतून बादली शेंदतो आणि पाणी हुंगतो. परवा मला काहीच वास आला नाही. त्यानं पुन्हा हुंगलं. चेहरा पडला.

"अजून येतोय गं… थोडा."

'गेला' म्हणाला असता तर दुसऱ्याच दिवशी तारीख निघाली असती. मी त्याचा ओला हात धरला आणि म्हटलं, थांबू की मग.