भित्र्या बोटांची गाडी

“अख्खा तांब्या नकोय मला. तांब्याचं नुसतं बूड मिळेल?”

हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं. केसांवर पावसाचे थेंब, मनगटाला वंगण, आणि डोळे... डोळ्यांचं जाऊ दे. माझे वडील, अप्पा, गोदामात होते, म्हणून बोलणं मला भाग होतं. मी मुळातच भित्री. पाल, वीज, अप्पांचं खाकरणं, मला कशाचीही भीती वाटते. तरी धीर करून म्हटलं, बूड वेगळं विकत नाही, पितळी तांब्या अख्खाच घ्यावा लागेल.

त्यानं दोन घेतले. तेही काट्यावर ठेवून, अगदी सारख्या वजनाचे.

“पितळ जड असतं ना,” तो सांगू लागला, “त्याच्या चकत्या पुढच्या चाकांत बसवल्या की गाडी चढावर मागं उलटत नाही.”

“कसली गाडी?”

“एवढीशी. रिमोटवर दगड चढते.”

“धाकट्या भावाची का?”

“नाही हो... माझीच,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाजला. तिथंच मी संपले.

त्याचं नाव धम्मपाल. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. पुढच्या आठवड्यात त्या तांब्यांच्या कापलेल्या चकत्या दाखवायला आला. मग दुसरंच काही निमित्त, मग तिसरं. शेवटी एका रविवारी, मळमड्डीला आत्याकडे जाते असं घरी सांगून, मी धारवाडजवळच्या नवलूरच्या पेरूबागांमागच्या जुन्या दगडखाणीत त्याची गाडी बघायला गेले.

गाडी मात्र बघण्यासारखी होती. मऊ रबराची चाकं, बॅटरी मागून उचलून पुढं आणलेली, गिअर असे बदललेले की मुंगीच्या चालीनं चालावी. पण धम्मपालची बोटं उतावीळ. रिमोटचा खटका तो असा दाबायचा की गाडी उताणी! वैतागून त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. मी भीत भीत खटका कणाकणानं दाबला, आणि गाडी पुरुषभर उंचीच्या दगडावर पालीसारखी चढली. पालीला भिणारी मी टाळ्या पिटत होते.

“बोटं भित्री आहेत तुमची,” तो हसून म्हणाला. “तशीच राहू देत. भित्र्या बोटांची गाडी उलटत नाही.”

तेव्हापासून बनवायचा तो, चालवायची मी. तो दगडांवरून पुढं चालत वाट दाखवायचा आणि हलक्या आवाजात कन्नडमधून म्हणायचा, “निधान... निधान...” हळू, सावकाश. त्या आवाजासाठी मी मुद्दाम अवघड दगड निवडायचे. तुम्ही-आम्हीचं तू-मी कधी झालं, कळलंच नाही.

मग एकदा उणकल तळ्याच्या काठी गिरमिट खाता खाता तो म्हणाला, “मला तू आवडतेस, रोहिणी. तुझं काय ते सांग. आज नाही तर नंतर सांग, पण सांग.”

मी पुडीतले चुरमुरे चिवडत बसले. उत्तर माहीत नव्हतं असं नाही, उत्तर तर पहिल्या दिवसापासून तयार होतं. भीती अप्पांची होती. दुकानात ते सगळ्यांशी गोड, कुणालाही चहा पाजतील. पण धम्मपाल हे नाव ऐकलं की आमच्या पेठेत कुणाला आडनाव विचारावं लागत नाही. माझ्या चुलत बहिणीनं, सुमननं, जातीबाहेर लग्न केलं, त्या दिवसापासून अप्पांनी तिचं नाव तोंडून काढलेलं नाही. उद्या माझंही नाव असंच घरातून पुसलं जाईल... या विचारानं माझी झोप उडायची. धम्मपालनं पुन्हा विचारलं नाही. नुसता वाट बघत राहिला.

श्रावणात त्याच खाणीत अशा गाड्यांची स्पर्धा ठरली. जिटिजिटी बारीक पाऊस, दगड शेवाळून निसरडे, छत्र्यांची गर्दी. आमची पाळी जवळ आली आणि खाणीच्या तोंडाशी एक ओळखीची व्हॅन थांबली. अप्पा उतरले. हातात खोकी.

बक्षिसाच्या पितळी समया! त्या समया मीच कागदात गुंडाळल्या होत्या. “धारवाडकडची ऑर्डर आहे,” एवढंच अप्पा म्हणाले होते, आणि आमच्या स्पर्धेच्या धुंदीत मी कुठली, कशाची, काही विचारलं नव्हतं. पितळेचा माल अप्पा रिक्षावाल्याच्या हाती कधीच देत नाहीत, स्वतः पोचवतात, हे मला नाही तर कुणाला माहीत असणार? आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता मी.

स्पर्धा भरवणाऱ्या राघवेंद्र अण्णांनी अप्पांना मानानं पुढच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला. अप्पांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि चहाचा कप ओठांशीच थांबला.

या गाडीवाल्या मंडळींची एक रीत आहे. पाळी आली की चालवणाऱ्यानं माईकवर स्वतःचं नाव सांगायचं आणि वाट कोण दाखवणार त्याचंही. धम्मपाल माझ्याजवळ आला.

“मी मागं सरतो,” तो पुटपुटला. “अण्णा उभारतील तुझ्याबरोबर. माझं नाव घेऊ नको. खरंच, मला राग यायचा नाही.”

त्याला राग येणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच ते फार लागलं. आज मी दुसऱ्याचं नाव घेतलं असतं तर तो हसून बाजूला झाला असता, आणि बाजूलाच राहिला असता... कायमचा.

माईक हातात आला.

“मी रोहिणी,” माझाच आवाज खाणीच्या भिंतींवरून परत आला. “गाडी बनवणारा आणि मला वाट दाखवणारा... धम्मपाल. आजपुरता नाही.”

कुणीतरी शिट्टी मारली. मी अप्पांकडे बघितलंच नाही. धम्मपालकडे बघितलं, तर तो भिजलेल्या दगडावर खिळून उभा! पुढं तो ‘निधान’ म्हणायलाच विसरला. नुसता माझ्याकडे बघत राहिला. वाटेवर रोवलेल्या पहिल्या दोन कमानी पार झाल्या, आणि शेवटच्या दगडावर भित्र्या बोटांची गाडी सपशेल उलटली. बक्षीस गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण अप्पा छत्री घेऊन आमच्याकडेच येत होते.

“माईकवर सांगितलंस,” अप्पा हळू आवाजात म्हणाले. “आता ऐकलं नाही म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस मला.”

“म्हणूनच माईकवर सांगितलं, अप्पा. घरात सांगायचा धीर कधीच झाला नसता.”

अप्पांनी धम्मपालकडे बघितलं. तो उलटलेली गाडी छातीशी धरून भिजत उभा होता.

“सांजेपर्यंत पेठेत कळतंय हे,” अप्पा म्हणाले. “त्याच्या आत तुझ्या आईला कळू दे. ह्यालाही घेऊन चल. मी हो म्हणालो नाही, ध्यानात ठेव.”

ते व्हॅनकडे चालू लागले. धम्मपालचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“रोहिणी... मला भ्या वाटालंय गं.”

“मला पण,” मी म्हटलं आणि सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला. अप्पांनी व्हॅनचं मागचं दार उघडून ठेवलं होतं. आम्ही दोघं भीत भीतच आत जाऊन बसलो.