हळूहळू बसेल

नागोयाच्या ओसू बाजारात, छपराखालच्या गल्लीत, माझं जुन्या कपड्यांचं दुकान आहे. खाली तळलेल्या कोंबडीचा गाळा आणि वर मी. त्यामुळे आलेला प्रत्येक पोशाख आधी मागच्या खोलीत वाऱ्यावर टांगते, वास गेला की मोजते आणि मग वहीत त्याची नोंद करते. खांदा, छाती, कंबर, लांबी, कापड कुठलं, चेन कुठल्या कंपनीची, लेस कुठे उसवली आहे. नोंदीत स्वतःचं मत लिहायचं नाही, हा माझा नियम.

मी फक्त ‘लोलिता’ म्हणतात ते जुन्या बाहुल्यांसारखे पोशाख घेते, आणि त्यातही मोठ्या नावांचे घेत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या पिढीला घेरदार झग्यांचं, झालरींचं आणि बोनेटांचं वेड लागलं, तेव्हा घरच्या मशीनवर एकेकट्या बायकांनी काढलेली कितीतरी लेबलं होती. मासिकाच्या मागच्या पानावर बोटभर जाहिरात यायची, पोस्टाने फोटोकॉपी केलेलं माहितीपत्रक यायचं. चार-पाच वर्षं हे चालायचं आणि मग एक दिवस नुसतंच बंद व्हायचं. ही विसरलेली लेबलं शोधून काढणं हा माझा धंदा आहे आणि खोडही.

त्यातलंच एक ‘उसुराई’. पाण्यावर धरलेला बर्फाचा पातळ पापुद्रा, असा त्याचा अर्थ. हिबिनो नावाच्या एक बाई ते चालवायच्या, इचिनोमिया गावातल्या एका बंद पडलेल्या लोकरीच्या कारखान्यात. छप्पर करवतीच्या दात्यांचं, काचा सगळ्या उत्तरेकडे. बाईंनी एकूण बारा पोशाख शिवले. करडी लोकर, उंच गळा, मनगटापर्यंत बाह्या. प्रत्येक पोशाख एकाच गिऱ्हाइकाच्या मापाचा, आणि गळ्याच्या आतल्या फितीवर तिचं नाव आणि क्रमांक. काम इतकं सुंदर की मोठ्या लेबलांनी लाजावं. अडचण एकच होती. बाईंचा पोशाख कधीच कुणाला बसला नाही.

कुणाला कमरेत घट्ट व्हायचा, कुणाला ढगळ. तक्रार केली की बाईंचं पोस्टकार्ड यायचं, त्यावर सुबक अक्षरात दोनच शब्द. ‘हळूहळू बसेल.’ आमच्या कंपूत ती थट्टाच होऊन बसली. परीक्षेत कुणी आपटलं, कुणाला तिचा मित्र सोडून गेला, कुणाला नवे बूट चावले, तरी आम्ही एकमेकींना गंभीर चेहऱ्याने सांगायचो, हळूहळू बसेल.

तरीही सातोए आणि मी एकवीस वर्षांच्या असताना माप द्यायला गेलो. सातोए माझी शाळेपासूनची मैत्रीण. बाई टेप अंगाला जेमतेम टेकवत होत्या. टेपकडे न बघता आमच्या तोंडाकडे बघायच्या आणि आकडा लिहून घ्यायच्या. माझ्या डाव्या खांद्यावर बोट ठेवून जरा थांबल्या, आणि “दुखत नाही ना?” म्हणाल्या. दुखायचं काही कारण नव्हतं.

सातोएचा पोशाख चार महिन्यांनी आला. कमरेत इतका घट्ट की चेन अर्ध्यावर अडकली. तिला बाईंचं पोस्टकार्डही आलं. माझा पोशाख आलाच नाही. त्याच हिवाळ्यात हिबिनो बाई वारल्या आणि कारखान्याला कुलूप लागलं. मला वाईट वाटलं ते बाईंचं नाही, माझ्या पोशाखाचं. तेव्हापासून दुसऱ्यांचे पोशाख मोजताना मनात कुठेतरी तोच एक असतो, हे मी मान्य करते.

गेल्या शरद ऋतूत इचिनोमियातल्या एका लहानशा संग्रहालयातून असाई नावाचे गृहस्थ दुकानात आले. गावच्या लोकरीवर प्रदर्शन भरवायचं होतं आणि त्यांना ‘उसुराई’चे पोशाख हवे होते. मी कामाला लागले. सहा महिन्यांत सहा मिळाले. जुन्या पत्रव्यवहारातून दोन, लिलावातून तीन, आणि एक चक्क एका शाळेच्या नाट्यसाहित्यात. सातवा सातोए देणार होती.

सगळ्यांमध्ये मला एक गोष्ट खटकली. आत शिवणींच्या टोकांना दोरे लोंबत होते, प्रत्येक टोकाला दोन-दोन सेंटिमीटर. इतकी नेटकी बाई हे असं का ठेवेल? मागच्या गल्लीत ओनिशी आजी राहतात. वय एक्याऐंशी, आयुष्यभर किमोनो शिवले. लेसचं नाजूक काम मी त्यांच्याकडे देते. त्यांना मी चार नंबरचा पोशाख दाखवला. त्यांनी तो उलटा केला, चष्मा लावला, एक शिवण बोटाने चाचपली आणि हात काढून घेतला.

“कुठेच गाठ मारलेली नाही,” त्या म्हणाल्या. “शेवटाला उलटा टाकाही नाही.”

“विसरल्या असतील.”

“सबंध पोशाखभर?” आजींनी तो माझ्याकडे सरकवला. “माझ्या आईच्या वेळी आम्ही बायकांनी मिळून तिचं पांढरं वस्त्र शिवलं, तिला शेवटचं नेसवायचं ते. ते असं शिवतात. गाठ मारली तर माणूस वाटेत अडकतो म्हणून. जिवंत माणसासाठी असं कुणी शिवत नाही, पोरी.”

मी घरी येऊन नोंद केली. ‘टोकं न बांधलेली.’ खाली हेही लिहिलं की वीस वर्षांत एकही शिवण उसवलेली नाही. ते मला जास्त विचित्र वाटलं होतं.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी मूळ मालकिणींची दोन-दोन ओळींची माहिती हवी होती. फितीवरच्या नावांवरून मी पत्रं पाठवली. चार नंबरच्या मालकिणीच्या आईने, कुझेबाईंनी, फोन केला. मुलगी छत्तिसाव्या वर्षी गेली होती. पोशाख नवा असताना तिला फार घट्ट व्हायचा, असं त्या म्हणाल्या. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तिने हट्टाने मागवून घेतला आणि तेव्हा तो अगदी छान बसला. नर्सने फोटो काढला होता, हवा असल्यास पाठवते म्हणाल्या. मी नको म्हटलं.

नऊ नंबरची कंबर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर होती. मालकिणीने जुन्या पत्रात स्वतःची तेव्हाची कंबर अठ्ठावन्न लिहिली होती. तिच्या नवऱ्याने उत्तरात एवढंच लिहिलं होतं की जुळी होती, आठवा महिना चालू होता, तिघंही गेली.

दोन उदाहरणांवरून काही सिद्ध होत नाही. मी हे स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी सातोए पोशाख घेऊन आली. गुरुवारी माझं दुकान बंद असतं. ती दातांच्या दवाखान्यात कामाला आहे आणि दिवसभर समोरच्याला बोलता येत नाही म्हणून इथे येऊन बोलते. येताना उइरो आणला होता. त्या चिकट मिठाईची एक वडी तिने खाल्ली, दुसरी तशीच ठेवली, आणि एकदा घालून बघते म्हणून पडद्याआड गेली. चेन वर जाण्याचा आवाज मला ऐकू आला. कुठेही न अडकता ती वरपर्यंत गेली.

सातोए बाहेर आली. पोशाख तिच्या अंगावर असा बसला होता की कुठे चुणीसुद्धा नव्हती. इतका नीट बसलेला पोशाख माझ्या दुकानात मी पाहिलेला नाही.

“बाई खोटं बोलत नव्हती गं,” ती म्हणाली. “बसला की हळूहळू.”

किती बारीक झालीस, मी विचारलं.

“सहा किलो. काहीही न करता. जळतेस ना?”

जळते, मी म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

मग मी तिला सांगितलं की डॉक्टरकडे जा, सगळ्या तपासण्या करून घे. ती हसायला लागली. झगा बसला म्हणून डॉक्टरकडे जायचं? शेवटी मी अडून बसले की तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय हा पोशाख परत देणार नाही, प्रदर्शनाच्या दिवशी घालायलाही नाही. ती मला सासू म्हणाली, म्हातारी म्हणाली, आणि पोशाख टाकून निघून गेली. दुसरी वडी ताटलीत तशीच होती.

ती गेल्यावर मी पोशाख उलटा केला आणि टोकं मोजली. अडतीस. दुसऱ्या दिवशीही दुकान उघडलं नाही. भिंग लावून एकेका टोकाचे दोरे एकत्र घेतले, गाठ मारली आणि वर दोन टाके घातले. भीती वाटत होती, एवढं खरं. वहीत लिहिलं, ‘दुरुस्ती : टोकं बांधली.’

सातोए गेली एकदाची डॉक्टरकडे, मला गप्प करायला म्हणून. स्वादुपिंडात गाठ निघाली, बोराएवढी. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. इतक्या लवकर कुणी येत नाही, तुम्ही कशा आलात, असं डॉक्टरांनी तिला विचारलं. तिने मैत्रिणीचा छळवाद असं उत्तर दिलं.

ऑगस्टच्या शेवटी ती पुन्हा दुकानात आली. चेहरा भरला होता. पोशाख मागून घेतला आणि पडद्याआड गेली. चेन अर्ध्यावर अडकली.

“पुन्हा तिथेच,” आतून आवाज आला. “कुनिए, ओढ ना जरा.”

मी ओढली. जाईना. मला रडू आलं, आणि पिन टोचली असं मी तिला सांगितलं.

यावरून मी कुठलाही निष्कर्ष काढला नाही. बाकीच्या मालकिणींचा पत्ता लावणं मात्र थांबवलं.

सप्टेंबरमध्ये असाईंचा फोन आला. कारखाना पाडायला घेतला होता. माळ्यावर एक खोकं सापडलं होतं आणि त्यावर माझं नाव होतं.

सकाळच्या गाडीने मी इचिनोमियाला गेले. कारखान्यातली यंत्रं केव्हाच नेलेली होती. उत्तरेच्या काचांतून सगळीकडे सारखाच उजेड पडला होता. असाईंनी जुन्या कापणीच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून खोकं ठेवलं होतं.

आत करडा पोशाख होता. फितीवर माझं नाव आणि बारा क्रमांक. एकवीस वर्षं मला तो हवा होता, आणि आता त्याला हात लावायला नको वाटत होतं. वर पोस्टकार्ड होतं. ‘उशिराबद्दल क्षमा असावी. हळूहळू बसेल.’

“घालून बघता का?” असाई म्हणाले. “फोटो काढतो.”

आधी मोजते, मी म्हटलं.

डावा खांदा उजव्यापेक्षा दीड सेंटिमीटर खाली होता. मी पुन्हा मोजलं. दीडच. एकतिसाव्या वर्षी मी सायकलवरून पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून माझा डावा खांदा तेवढाच खाली आहे. हिबिनो बाईंना जाऊन तेव्हा दहा वर्षं होत आली होती.

कंबर एकसष्ट होती. माझी अडुसष्ट आहे.

सात सेंटिमीटर म्हणजे बरीच वर्षं, असं मी मनाशी म्हटलं. कशाच्याही आधाराशिवाय.

मी पर्समधून सुई काढली. करडा दोरा दुकानातून निघतानाच ओवून ठेवला होता. असाई खिडकीशी उभे होते, त्यांना काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं. पोशाख उलटा केला. खांद्याची शिवण पाहिली, मग बाहीची, मग कमरेची. नखाने चाचपून पाहिलं. गाठ कुठेच नव्हती.

असाई जवळ आले आणि वाकून बघू लागले.

“तुमच्या पोशाखावर बाईंनी जास्त मेहनत घेतलेली दिसते,” ते म्हणाले. “तुम्ही पाठवलेल्या सहांत सगळीकडे दोरे लोंबत होते. यात बघा, प्रत्येक टोक अगदी मुळापासून कापलंय.”