नववं नाव

खाली केळी-पपईच्या मळ्यांत ब्राह्मणपुरी, तिथं एक होती संध्या. वर तोरणमाळच्या पल्याड डोंगरात पाडा, तिथली एक होती दीपमाला. एक पाटलाघरची, एक पावरा आदिवासींची. शहाद्याच्या कॉलेजानं दोघींना एका खोलीत आणून ठेवलं, आणि तीन वर्षं एकाच बादलीतल्या ऊन पाण्यात दोघींच्या आंघोळी झाल्या. एकीला ठेच लागली की दुसरीनं आई गं म्हणावं, अशी माया.

पंचवीस वर्षं झाली म्हणून त्या वर्गानं मेळावा ठरवला. पोरांचे नंबर वर्गातल्याच दिनेशनं दोन दिवसांत गोळा केले. पोरांचं काय, जिथं जन्मले तिथंच सापडतात. पोरींचं तसं नसतं. लग्न झालं की आडनाव जातं, गाव जातं. म्हणून नऊ पोरींची यादी संध्याकडं आली. कुणाच्या मावशीला गाठ, कुणाच्या भावजयीला फोन कर, असं करत तिनं आठ जणी हुडकल्या. व्हिडिओ कॉलवर हसल्या, रडल्या, एकमेकींचे पिकलेले केस बघून कपाळाला हात लावले.

नववं नाव दीपमालाचं. ते मात्र संध्या रोज उद्यावर ढकलायची. पत्ता सापडत नव्हता असं नाही. पत्ता ठाऊक होता, तेच दुखणं होतं. आठ वर्षांमागे, माहेरी परतल्यावर, दीपमाला लेक सेवंतीचं बोट धरून ब्राह्मणपुरीला आली होती.

"संध्ये, हिले तुन्हापाशी ठेव. शहादाना शाळामा शिकी."

संध्याला गावातच दिलेली; सासूबाई ओट्यावरून टक लावून बघत होत्या. संध्या म्हणाली, "दखू, पुढला वरीसले." चहा पाजला आणि वाटेला लावलं. तो पुढला वरीस काही उगवला नाही.

शेवटी दिनेशनं टोमणा मारला, "संध्याबाई, आठच? नववी काय देव्हारामा ठेवी शे?" तेव्हा कुठं, दिवाळी सरल्यावर एका दुपारी ती तोरणमाळच्या एसटीत बसली.

म्हसावदला निम्मी गाडी उतरली, पायथ्याशी उरलेली. घाट लागला तेव्हा मागच्या बाकांवर ती एकटीच. रस्ता खणलेला, तांबडी धूळ खिडक्यांतून आत येई, काचा खडाखडा वाजत. एका वळणावर काचा वाजायच्या थांबल्या. गाडी चालू, पण आवाज गेला. अंगाला गारवा लागला, आणि वास आला, मोहाच्या ओल्या फुलांचा. कार्तिकात मोह कुठला?

"जाडी व्हई गयी वं, संध्ये!"

शेजारी दीपमाला बसलेली. हिरवं लुगडं, काळेभोर केस.

"अगं दीपे! तू तं तशीच शे!"

मग काय, घाटभर दोघींचं तोंड मिटेना. तासाला गालात आमचूर धरून बसायच्या आणि सरांनी प्रश्न विचारला की गिळता गिळता ठसका लागायचा, ते आठवलं. दोघींत मिळून एकच धड चप्पल, म्हणून परीक्षेला ती पाळीपाळीनं घालायच्या, ते आठवलं. संध्या डोळ्यांतून पाणी येईतो हसली. पाणी पुसलं तर पदर तांबडा झाला. तिच्या केसांवर, मांडीवर सगळीकडं धूळ. दीपमालाच्या लुगड्यावर मात्र एक कण नव्हता.

संध्या तिच्याकडं वळून बसली.

"दीपे... मी तुले नही म्हनं व्हतं ना, त्या वक्ताले..."

"ते ऱ्हाऊ दे." दीपमालाचा आवाज लांबून आल्यागत. "सेवंती बारावी पास व्हयनी. उद्या भल्या पहाटे तिना मामा तिले ऊस तोडाले लई जाई. ट्रक येई... तिले जाऊ देऊ नको."

संध्यानं तिचा हात धरायला हात पुढं केला. दीपमाला उठलीच. "मन्हं ठिकाण उनं, उतरस," म्हणाली आणि दाराकडं गेली. गाडी थांबली नाही, घंटी वाजली नाही. काचा पुन्हा खडखडू लागल्या. मागच्या काचेतून संध्यानं पाहिलं, रस्ता मोकळा, कडेला एक वाकडा मोह. बाकावर शेजारी बोटभर धूळ बसलेली. त्या धुळीवर कुणी बसल्याची खूण नव्हती.

पाड्यात पोचली तेव्हा ऊन डोंगराआड चाललं होतं. दारात गाठोडं बांधून ठेवलेलं. दीपमालाची म्हातारी आई धनुबाई चुलीपाशी, भाऊ करणसिंग खाटेवर, आणि सेवंती खाली मान घालून.

"दीपमाला कोठे शे?"

धनुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "ती नही शे, बाई. तीन पावसाळा व्हई गयात."

संध्यानं दाराचा खांब धरला. तशीच म्हणाली, "मी सेवंतीले लेवाले उनू."

करणसिंग हसला. "मागे बी सांगं व्हतं तुम्ही. पुढला वरीस! आठ वरीस व्हई गयात, बाई."

"तिनीच सांगं माले. आत्ते, गाडीमा. घाटमा उतरी गयी."

"कोनता वळनवर?"

"जठे वाकडा मोह शे... तठे."

करणसिंगचं हसू विझलं. खाटेवरून उठून बोलला. "ताप व्हता तिले. बांबूनी झोळीमा घालीसन दवाखानामा नेत व्हतो. त्या मोहखाले झोळी ठेवी. पाणी पाजानं म्हनीसन... पाणी पोटमा गयंच नही."

मग त्यानंच गाठोडं उचललं आणि संध्याच्या पायाशी आणून ठेवलं.

मेळाव्यात नववं नाव घेतलं तेव्हा सेवंती उभी राहिली, आणि सगळा वर्ग डोळे पुसत उठला. संध्याच्या घरी राहून पोर नर्सचं शिकली. सासूबाई आधी धुसफुसल्या, पुढं गुडघे तिच्याकडूनच चोळून घेऊ लागल्या. तीन वर्षांत नोकरी लागली, तीही वर डोंगरातल्याच दवाखान्यात. राहायला क्वार्टर मिळालं, धनुबाई तिच्याजवळ गेली, नातीच्या हातची ऊन भाकर खाऊ लागली. आता त्या पाड्यांतली बाळंतीण झोळीत घालावी लागत नाही. असं भाग्य त्या घरावर उगवलं.

सेवंती नोकरीवर गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी संध्या दार उघडून बाहेर आली. आंगण झाडलेलं, सडा टाकलेला, खराट्याच्या रेघा अजून ओल्या. तिनं फोन लावला.

"सेवंती, तू तठे, मंग आपलं आंगण कोनी झाडं वं?"

"मावशी, मी तं कधीच झाडं नही. मी उठू तवय झाडेलच ऱ्हाये. माले वाटे, तूच झाडस."

"माले वाटे, तू..."

तिकडं दाराची कडी वाजली. फोनातून डोंगरातला वारा नुसता ऐकू येत होता. मग पोर हळूच म्हणाली,

"मावशी... मन्हा क्वार्टरनं आंगण बी झाडेल शे."