चिंधी कोणत्या हाताला?

“कोळंबी सोलताना नाक खाजलं तर काय करायचं?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून दहावीतल्या प्राप्तीने हा प्रश्न भरल्या हॉलमध्ये थेट माइकवरच्या श्रीपाद यांना विचारला. नौपाड्यात त्यांनी खाडीकाठच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. श्रीपाद यांच्या आजोबांची तिथे कोळंबी सोलायची शेड होती. त्यांच्या पाठीमागच्या फोटोत, गजांच्या रुंद खिडकीआड, पोरं कोळंबी सोलत बसलेली दिसत होती; एका पोरीच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. खाली ओळ होती: ‘मालकांच्या घरची मुलं, गंमत म्हणून हात लावताना.’

श्रीपाद हसले. “खाजवायचं की, बाळा. घरचंच काम.”

“खाजवाचा नाय,” मागून आवाज आला. “खाजू द्याचा. हात थांबला का ओरडा.”

प्राप्तीची आजी, दगडाबाई, उभी राहिली होती. बाहेर पडली की तिचा डावा हात कायम पदराखाली. तेव्हाही तसाच. “ती चिंधीवाली पोर मी हाय. आमाला बाहेरून कुलूप लावून कोंडाचे.”

श्रीपाद यांनी वळून फोटोकडे पाहिलंही नाही. “आजी, तुमचा डावा अंगठा वाकडा. फोटोत चिंधी उजव्याला आहे.”

सगळा हॉल हसला.

“आईला भास होतात,” घरी प्राप्तीचे पप्पा, तानाजी, म्हणाले. दुसऱ्या दिवशी आजी एकटीच रिक्षा करून त्या फोटोसमोर जाऊन बसली. तेव्हापासून कळव्याच्या फ्लॅटला दिवसभर बाहेरून कुलूप. ते लावायचं काम प्राप्तीचं, कारण शेवटी तीच निघायची. आतून आजी एवढंच विचारायची, “लावलं का गो?”

प्राप्ती शाळेतून आली की आजी दारामागेच खुर्ची टाकून बसलेली असायची.

शनिवारी प्राप्तीने शेजारच्या हितेशला धरून प्रदर्शनात नेलं. तिच्या तपासात त्याचं काम दप्तर सांभाळायचं.

“आजी खोटी की फोटो खोटा, एवढंच शोधायचंय,” ती म्हणाली. “काय दिसतं?”

हितेशने डोळे बारीक केले. “सगळी पोरं डावखुरी. कोळंबी खाऊन होतं का असं? आणि या पोराच्या शर्टाचा खिसा उजवीकडे. शिंपी येडा असणार.”

प्राप्तीने विती टाकून पाहिल्या. बाकीच्या फोटोंपेक्षा हा अरुंद होता.

टेबलामागे प्रदर्शनाचं काम बघणारी चित्राताई होती. फोटोंखालच्या ओळी तिने लिहिलेल्या. “माहिती श्रीपाद सरांची. कोळीवाड्यातल्या बायकांचं बोलणं मात्र प्रदर्शनाआधी मी रेकॉर्ड करून सरांना दिलं. तुझ्या आजीचंही. लहानपणी कोळंबीचा काटा घुसून डावा अंगठा पिकला, चिंधी बांधली, वाकडा झाला, सगळं सांगितलं त्यांनी. पण सर म्हणतात, अजून ऐकायला वेळ मिळाला नाही.”

फोटो वागळे इस्टेटमध्ये छापले होते. तिथला महेंद्र म्हणाला, “पेनड्राइव्ह चित्रा मॅडमनी आणलेला. एका फोटोची फाइल मात्र नंतर त्यांनीच बदलून आणून दिली, एक बाजू कापलेली. जुनी असेल अजून.”

“चित्राताईच,” बाहेर आल्यावर हितेश म्हणाला. “अंगठा तिला माहीत, पेनड्राइव्ह तिचा. केस खलास.”

“थांब रे.”

श्रीपाद यांनी दोघांना चहा पाजला. “तुझ्या आजीला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रेकॉर्डिंग? एकही ऐकलं नाही गं अजून.”

रविवारी प्राप्तीने सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं. मम्मी-पप्पा कुरकुरत आले, आजीला मधे धरून.

“हितेश, फोटोशेजारी उभा राहा. खिसा कुठे?”

“डावीकडे. सगळ्यांचा असतो.”

“एखादा शिंपी चुकेल. पण सगळीच्या सगळी पोरं डावखुरी? हा फोटो उलटा आहे, आरशातल्यासारखा.” तिने फोटोचा फोटो काढला आणि मोबाइलवर उलटवून दाखवला. चिंधी डाव्या अंगठ्याला गेली.

श्रीपाद म्हणाले, “जुनी निगेटिव्ह. उलटी पडली असेल.”

“मग पहिली फाइल सुलटी कशी? महेंद्रदादा, दाखवा.”

महेंद्रने लॅपटॉप उघडला. पूर्ण फोटोत खिडकीशेजारी दार होतं. पोरं आत, आणि दाराला बाहेरून कुलूप.

“बदलली कोणी?” हितेशने चित्राकडे पाहिलं.

“मला दोन्ही वेळा सरांनी बंद पाकिटातला पेनड्राइव्ह दिलेला,” चित्रा म्हणाली.

“ताईला अंगठा माहीत होता, खरंय,” प्राप्ती म्हणाली. “पण त्या दिवशी आजीचा हात पदराखाली होता. तरी डावा अंगठा वाकडा, हे माइकवर बोलले कोण? आजीला कधी न पाहिलेले, रेकॉर्डिंग न ऐकलेले श्रीपादकाका. काका, तुम्ही ते ऐकलंत. आजी फोटो ओळखणार हे कळलं, म्हणून फोटो उलटवून हात बदललात आणि कुलूप कापलंत.”

श्रीपाद यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “प्रदर्शनातला सगळ्यात चांगला फोटो होता. सोडवेना. आणि आजोबांचं नाव…”

दगडाबाईने पदराखालून डावा हात काढला आणि सगळ्यांसमोर निवांत नाक खाजवलं.

तानाजी अजून स्क्रीनवरच्या कुलपाकडे बघत होते. “आपलं कुलूप वेगळं गं,” ते हळूच म्हणाले. “आपलं काळजीचं आहे.”

“आतून सारखंच दिसतं, पप्पा.” प्राप्तीने दप्तरातून किल्ली काढून आजीच्या हातात ठेवली. “मम्मी, तू पण ऐक. सकाळी शेवटी मी निघते. उद्यापासून मी कुलूप लावणार नाही.”