चौथा ऋतू

पुण्यातल्या शैलीछाप प्रयोगशाळेच्या पडद्यावर सकाळी लाल नावांची रांग लागली आणि डॉ. विश्राम केळुसकरांचा चहा राहून गेला. तसा तो रोजच राहायचा. हा माणूस कधी खुर्चीत म्हणून बसायचा नाही. येरझाऱ्या घालायच्या, पेनाचं टोपण चावायचं, पुन्हा येरझाऱ्या. त्यात आज तर आयतं निमित्त मिळालं होतं.

“तस्लीम, हा काय प्रकार आहे? आख्खा वर्ग लाल?”

“आख्खा वर्ग,” तस्लीम पटवेकर म्हणाली. ती प्रयोगशाळेची संख्याशास्त्रज्ञ. केळुसकर भडकले की ती आणखी शांत होई. “कराडची शाळा, दहावी ब, इंग्रजीची पूर्वपरीक्षा. पारखेचं म्हणणं, यातल्या एकाही मुलाने आपला पेपर आपण लिहिलेला नाही.”

“म्हणजे इंग्रजीच्या बाईंनीच लिहून दिले! दुसरं काय असणार?”

पारख म्हणजे केळुसकरांचं लाडकं यंत्र. त्याचं असं झालं होतं, की लिहून देणारी यंत्रं घरोघरी आली आणि निबंध पोराचा की यंत्राचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येईना. तेव्हा केळुसकरांनी पारख बनवली. बोटाचा जसा ठसा असतो तसा लिहिण्याचाही असतो, हे तिच्यामागचं तत्त्व. वाक्य किती लांब, श्वास कुठे घेतला, कोणते बारीकसारीक शब्द पुन्हा पुन्हा येतात, कोणत्या चुका सुटता सुटत नाहीत, या सगळ्याची मिळून माणसाची शैलीछाप होते. आठवीच्या पहिल्या परीक्षेतल्या इंग्रजी निबंधावरून मुलाची मूळछाप घ्यायची आणि दहावीचे पेपर तिच्याशी ताडून बघायचे. जुळले तर हिरवा दिवा. नाही जुळले तर मूल तोतया ठरलं. मग मुख्य परीक्षेचा बैठक क्रमांक नाही आणि वर्ष गेलं. शालान्त कसोटी मंडळाची बैठक क्रमांकांची यादी त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता कायमची बंद होणार होती.

केळुसकर आणि तस्लीम स्वयंचल गाडीने कराडला निघाले. गाडी आपली आपण चालत होती, तरी केळुसकरांचा पाय ब्रेक दाबत होता.

दहावी ब च्या इंग्रजीच्या बाई म्हणजे हेमांगी टिळेकर. पन्नाशी उलटलेली, पण आवाज असा की मागच्या बाकावरचं पेंगणारं पोर दचकून उठावं.

“पेपर कुणाकडून लिहून घेतलेत?” केळुसकरांनी दारातच विचारलं.

“साहेब, लांबून आलात, आधी पाणी घ्या. आरोप काय, नंतरही करता येईल.”

“बाई, मी थट्टा करायला आलेलो नाही.”

“मग ऐका. माझ्या तासाची पहिली दहा मिनिटं मुलं लिहितात. रोज. इंग्रजीत, मनाला येईल ते. खोडायचं नाही, थांबायचं नाही. शब्द अडला तर मराठी शब्द ठोकायचा आणि पुढे जायचं. मी गुण देत नाही, लाल पेनाला तर हातच लावत नाही. आठवीच्या दिवाळीनंतर मला हा वर्ग मिळाला, तेव्हापासून हे चालू आहे.”

“आणि चुका?”

“ढीगभर! पडल्याशिवाय कुणी चालायला शिकलंय का? तुम्ही शिकला असाल तर सांगा.”

“चोर तो चोर, वर शिरजोर,” केळुसकर तस्लीमच्या कानाशी पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, “एका मुलीला बोलवा. माझ्यासमोर लिहू दे.”

यादीत सगळ्यात गडद लाल नाव उन्नती वाघमोडेचं होतं. ती आली ती डोळे सुजवूनच. तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि दहावी झाली की अकरावीला साताऱ्याला आत्याकडे पाठवतो, असं त्यांनी कबूल केलं होतं.

“सर, माझं वरीस जाणार का?” तिने आल्या आल्या विचारलं. “पप्पा म्हणले, नापास झालीस तर साताऱ्याचं नाव काढू नको. मावशीनं स्थळ बघून ठेवलंय माझ्यासाठी. मी कुणाचं न्हाई घेतलं सर, आईशप्पथ.”

केळुसकरांनी पारखेला जोडलेली लेखनपाटी पुढे केली.

उन्नती लिहू लागली. तिने वडिलांच्या बँडच्या कोटाबद्दल लिहिलं: सोनेरी झालर, खांद्यावर बिल्ले, मापात तीन बोटं जास्त. ‘माझ्या पप्पांचा कोट पप्पांपेक्षा मोठा माणूस आहे. लोक कोटाला सलाम करतात आणि पप्पांना जेवायला मागच्या पंगतीत बसवतात.’ इंग्रजी वाक्यांत क्रियापदं इकडची तिकडे गेली होती, ‘झालर’ तर मराठीतच होती. पण केळुसकर चालायचे थांबले आणि दोनदा वाचून पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

पारखेने दिवा लावला. लाल. खाली अक्षरं उमटली: ‘ही उन्नती वाघमोडे नाही.’

“अरेच्चा! माझ्यासमोर लिहिलंय तिने!”

“मग चुकतंय कोण?” टिळेकर बाईंनी विचारलं. “मुलगी की यंत्र?”

“यंत्र तपासलेलं आहे, बाई. हजारो माणसांवर.”

“कोणत्या माणसांवर, सर?” तस्लीम म्हणाली. “प्राध्यापक, अधिकारी, कारकून. वर्षानुवर्षं त्याच पठडीतलं खरडणारे. आपण धरून चालतो की शैली ठाम असते. ती स्वतःचं न लिहिणाऱ्याची ठाम असते. रोज लिहिणाऱ्याची चालती होते. हिची तर दोन वर्षं चालतेय.”

“पण इतकी? थोडा बदल आपण हिशेबात धरलाय. मूळछाप काढ.”

तस्लीमने उन्नतीचा आठवीतला निबंध पाटीवर आणला. विषय, माझा आवडता ऋतू. पहिलं वाक्य, ‘देअर आर थ्री सीझन्स इन इंडिया.’ पुढे कोकिळा, आंबे, निसर्गाचं नवं लेणं, सगळं जागच्या जागी. एक चूक सापडेल तर शपथ.

टिळेकर बाई अशा हसल्या की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं.

“अहो, हा निबंध हिचा कुठला? हा फळ्यावरचा! फळ्यावर आला गाईडातून. मुलांनी घोकला, परीक्षेत ओकला. आमच्याकडे निबंध लिहीत नाहीत साहेब, पाठ करतात. तुम्ही नव्हता केला?”

केळुसकरांनी केला होता. एक शब्द न चुकता, आणि जिल्ह्यात पहिले आले होते. त्या बक्षिसाची ढाल आई मरेपर्यंत घासूनपुसून ठेवायची. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“तस्लीम,” ते हळूच म्हणाले, “पारखेला आजवर आपण एकच प्रश्न विचारला. हे तेच मूल का? आता दुसरा विचार. राज्यातल्या आठवीच्या सगळ्या मूळछापा घे आणि विचार, हे लिहिणारी वेगवेगळी माणसं किती?”

पारखेने थोडा वेळ घेतला. केळुसकरांनी टोपण चावून चपटं केलं.

“सर,” तस्लीम म्हणाली, “एका एसटीत मावतील.”

“काय?”

“सगळ्या राज्याचे निबंध लिहिणारी माणसं एका एसटीत मावतील, वर दोन-चार सीटं रिकामी राहतील. गाईडवाले असणार. आणि ज्यांना दरवर्षी हिरवा दिवा मिळतो ती मुलं आठवीत घोकतात, दहावीतही घोकतात, म्हणून जुळतात. या वर्गाच्या दहावीच्या पेपरांत मात्र बाकांवर जेवढी मुलं बसतात, तेवढे लेखक आहेत.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होत आले होते, आणि यादी काही लाजेखातर थांबणार नव्हती. केळुसकरांची पुन्हा येरझार सुरू झाली. खिडकी ते फळा, फळा ते खिडकी.

“एक वाट आहे,” ते एकदम म्हणाले. “फेरचाचणी मी जागेवर घेऊ शकतो. उन्नती, तो जुना निबंध आठवतो का? तोच लिही. जसाच्या तसा. यंत्र हिरवं होईल, मग बाकीच्यांकडूनही तेच करून घेऊ.”

उन्नतीने बाईंकडे पाहिलं. टिळेकर बाईंचा चेहरा कुणी मुस्कटात मारल्यासारखा झाला होता. दोन वर्षं जे झाडून बाहेर काढलं, तेच आता उंबऱ्यातून आत घ्यायचं होतं. वाईट वाटायचं ते वाटलंच. पण वर्ष पोरीचं जात होतं, त्यांचं नव्हे.

“लिही बाळा,” त्या म्हणाल्या. “आधी साताऱ्याला जा. मग काय वाट्टेल ते लिही.”

उन्नतीने डोळे मिटून आठवलं आणि लिहायला घेतलं. भारतात तीन ऋतू असतात. दिवा हिरवा. उन्हाळ्यात सूर्य तळपतो. हिरवा. पावसाळ्यात धरणी हिरवा शालू नेसते. हिरवा. केळुसकरांनी मुठी वळल्या. तेवढ्यात तिचा हात अडखळला आणि मग भराभर चालू लागला. ‘पण आमच्या घरात चार असतात. चौथा ऋतू लग्नसराई. तेव्हा घरात पैसे असतात आणि पप्पा नसतात. पावसाळ्यात पप्पा असतात आणि ट्रम्पेट खिळ्याला असतो. आई चिडते. मला पावसाळाच आवडतो, हे मी आईला सांगत नाही.’

लाल. भडक लाल.

“अगं ए पोरी!” केळुसकर ओरडले.

“सर, चुकून झालं!” उन्नती रडायलाच लागली. “हात थांबतच न्हाई. खोटं लिहाय लागले की पुढचं आठवतच न्हाई.”

टिळेकर बाईंनी पदराने तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. “बघा,” त्या म्हणाल्या, “लागली सवय. आता काय कराल?”

आता एकच उपाय उरला होता. यंत्राच्या जनकाने आदेश काढायचा. केळुसकरांच्या आदेशाने मूळछापांचा नियम बदलता येत होता, मात्र तो आदेशही पारखच तपासणार होती. तोतयाने काढला तर? ही खबरदारी केळुसकरांनीच घेतलेली, आणि किती कौतुकाने! मंडळाचे तांत्रिक आदेश इंग्रजीतून निघत. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं: ‘आज मी एका मुलीला लिहिताना पाहिलं. चूक तिची नाही, माझी आहे. मला लाज वाटते.’

दिवा लाल. ‘हे डॉ. विश्राम केळुसकर नाहीत.’

“अगं, मीच आहे!” ते पाटीवर खेकसले. यंत्र कशाला ऐकतंय?

“सर, नेहमीसारखं लिहा,” तस्लीम म्हणाली. “लवकर.”

मग केळुसकरांनी नेहमीसारखं लिहिलं. ‘विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट.’ आणि कसं झरझर उतरलं म्हणता! उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आठवीच्या सर्व मूळछापा रद्द समजण्यात याव्यात. सर्व विद्यार्थ्यांनी इंग्रजीच्या प्रत्येक तासाला दहा मिनिटे स्वतःचे लेखन करावे आणि त्यावरून त्यांची छाप दरमहा नवी करण्यात यावी. तोपर्यंत कोणाही विद्यार्थ्यास तोतया ठरवू नये. एकही अडखळ नाही, एकही चूक नाही. पारखेने क्षणात हिरवा दिवा लावला: ‘डॉ. विश्राम केळुसकर. पूर्ण खात्री.’

पाचाला थोडा वेळ असताना दहावी ब ची सगळी नावं यादीत चढली. बाहेर व्हरांड्यात पोरांनी जो गलका केला तो पार रस्त्यापर्यंत गेला असेल. उन्नतीने केळुसकरांना वाकून नमस्कार केला, उठली, आणि पाटीवरचा आदेश वाचून घुटमळली.

“सर, रागावू नका. पण ते लाजेचं वाक्य तुमचं होतं ना? हे तर पाठ केलेलं आहे.”

परतताना गाडीत केळुसकरांनी तस्लीमकडे कागद मागितला. दहा मिनिटं झाली तरी त्यावर एक ओळ उमटली नव्हती. त्यांनी कागद खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. पुढे रोजच. आई, तिची ती ढाल घासायची चिंच, असलं काहीबाही येऊ लागलं. आणि नवल म्हणजे तेवढी दहा मिनिटं ते खुर्चीत बसू लागले.

परीक्षा झाल्या. उन्नती साताऱ्याला गेली. नव्या वर्षी शाळाशाळांत लाखो छापा दरमहा बदलू लागल्या आणि पारखेने एकाही मुलाला तोतया म्हटलं नाही.

आणि एका सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडेना. ते दारही शैलीछापेचंच. केळुसकरांनी दोन ओळींची दैनंदिन नोंद लिहिली की उघडायचं. केळुसकरांनी लिहिलं, दार लाल झालं. पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल.

“सर,” तस्लीमने कपाळावर हात मारला, “आदेशात तुम्ही ‘विद्यार्थी’ लिहिलंत. छापा नव्या झाल्या त्या त्यांच्या. तुमची जुनीच आहे!”

“हात्तिच्या! थांब, जुनं लिहितो.”

त्यांनी सुरुवात केली. विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट. हिरवा. कळविण्यात येते की. हिरवा. मग बोटं थबकली. पुढचं आठवेचना. आणि हात आपला आपण चालू लागला: ‘आज येताना पुलावर बँडवाले दिसले, त्यांच्यातल्या एकाचा कोट त्याच्यापेक्षा मोठा होता.’

लाल. ‘हे डॉ. विश्राम केळुसकर नाहीत.’

“आता हो? आदेश तुमच्याशिवाय निघत नाही, आणि तुम्ही तर तुम्ही नाही!” तस्लीमसारखी शांत बाई, पण तिचाही आवाज चढला. “निदान विचारा तरी पारखेला, मग हे कोण आहेत?”

केळुसकरांनी विचारलं. पारखेने राज्यातल्या सगळ्या छापा चाळल्या, गाईडवाल्यांच्या, पोरांच्या, अधिकाऱ्यांच्या, आणि उत्तर दिलं: ‘जुळणारी छाप नाही. नवीन लेखक. नाव सांगा.’

केळुसकर तिथेच दारासमोरच्या पायरीवर बसले. हसत होते की रडत होते, तस्लीमला काही कळेना.

“चहा सांग गं,” ते म्हणाले. “आज बसून पितो.”