दसऱ्याला उतरवलेला कोट

अण्णा आजोबांच्या घरात दर हिवाळ्यात आतल्या भिंतीवर उभे ओले पट्टे उमटायचे. एक पट्टा, मग हातभर कोरडी भिंत, मग पुन्हा पट्टा. छप्पर गळत नव्हतं आणि पाऊस तर केव्हाच संपलेला. मग हे पाणी यायचं कुठून?

मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि आजोबांकडे राहायचे. महाबळेश्वरजवळचं ते फळ्यांचं घर मला फार आवडायचं. आजही शेगडीचा वास आला की मी मनाने तिथे जाऊन बसते. त्या भिंतीवर आजीने खिडकीतून पाहिलेले पक्षी रंगवले होते. आजी गेली, आणि आता पट्ट्यांतले पक्षीही फिके पडू लागले होते.

थंडीने आजोबांचा खोकला वाढला होता. घर उबदार झालं नाही तर पौषात पुण्याला घेऊन जाईन, असं बाबांनी निक्षून सांगितलं होतं. आजोबा उष्णतेचे शास्त्रज्ञ, पण हट्टी. त्यांना पक्ष्यांना सोडून जायचं नव्हतं.

दिवाळीनंतर बाहेरच्या कुजक्या फळ्या बदलायला ठोक्या आला. ठोक्या म्हणजे सुतारकाम करणारा यंत्रमानव. हे नाव मीच ठेवलं होतं. आतली भिंत फोडून पोकळीत नवा कापूस भरावा, असं त्याने सुचवलं.

"पक्ष्यांना हात लावलास तर बॅटरी काढून माळ्यावर टाकीन," आजोबा म्हणाले.

ठोक्या बाहेर गेला आणि त्याने उष्णता पाहणाऱ्या डोळ्याने भिंतीचं चित्र काढलं. चित्रात उभ्या तेजस्वी रेघा होत्या, बरोबर फळ्यांमागच्या, भिंत पेलणाऱ्या लोखंडी खांबांच्या जागी. मग आजोबांमधला मास्तर जागा झाला. खांबांच्या मधे कापूस होता, तो उष्णतारोधक (उष्णतेला सहज जाऊ न देणारा). लोखंड मात्र उष्णतेला झटकन बाहेर नेतं. असा प्रत्येक खांब म्हणजे औष्णिक सेतू (उष्णतेला पळून जायला मिळालेला पूल). त्यामुळे भिंत खांबापाशी गार पडते आणि तिथे खोलीतल्या हवेतल्या वाफेचं सांद्रीभवन होतं (वाफेचं पुन्हा पाणी होतं). पट्ट्यांचं पाणी बाहेरून नव्हे, आमच्याच श्वासातून आणि चहाच्या आधणातून येत होतं.

मला एक कळेना. पावसाळ्यात हवा याहून दमट असते, मग तेव्हा पट्टे का नसतात?

आजोबांनी कपाळावर हात मारला. पावसात थंडी कमी असते, हे खरं, पण आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे पावसाआधी भिंतींना बाहेरून गवताचे जाड पडदे बांधत आणि दसऱ्याला काढत. गवत पावसासाठी, असंच सगळे समजत.

"म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर आम्ही घराचा कोट उतरवत होतो," आजोबा म्हणाले, "आणि हे माझ्यासारख्या उष्णतेच्या पंडिताला इतकी वर्षं सुचलं नाही!"

मग काम सोपं झालं. ठोक्याने जुन्या फळ्या काढल्या, ओल अडवणारं कापड लावलं आणि उष्णता अडवणाऱ्या, उसाच्या चिपाडाच्या जाड पाट्या खांबांवरूनही सलग बसवल्या. पूल झाकले गेले. पाट्यांपुढे पावसाचं पाणी निथळायला बोटभर फट ठेवून त्याने नव्या फळ्या ठोकल्या. आतला एकही पक्षी हलला नाही.

आता मी चंद्रावरच्या वस्तीसाठी घरं आखते आणि ती आखायला शिकवतेही. तिथली रात्र आपल्या दोन आठवड्यांएवढी लांब आणि भयंकर गार असते. तिथेही सगळ्यात आधी मी पूल शोधते. माझे विद्यार्थी कंटाळतात, पण मला आजोबांचा आवाज ऐकू येतो.

त्या पौषात बाबा ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आले. आजोबांनी त्यांना भिंतीपाशी नेलं. बाबांनी भिंतीवर हात ठेवला, मग दुसरीकडे, मग खांबापाशी. सगळी भिंत सारखीच कोरडी आणि उबदार होती. एका बुलबुलापाशी ते बराच वेळ उभे राहिले. शेवटी त्यांनी अंगातला स्वेटर काढून खुर्चीवर टाकला.

"अण्णा," ते म्हणाले, "मीच राहू का इथे चार दिवस?"