पाटी नसलेला तुकडा

पाइनच्या इवल्या रोपांमध्ये एक अनोळखी माणूस फतकल मारून बसला होता आणि मन लावून गवत उपटत होता. फुटपट्टी घेऊन ती चढावर पोचली, तोवर जमिनीचा तो तुकडा जवळजवळ चकाचक झाला होता.

"अहो, काय करताय हे?"

"तुमचं काम हलकं." तो मान वर करून हसला. मिशीला माती लागली होती. "मी कुंपणवाला. तार यायला वेळ आहे. म्हटलं, बिचारी रोपं गवतात गुदमरलीत..."

"त्यांना गुदमरायलाच ठेवलंय." तिने कपाळावर हात मारला. "एका तुकड्यातलं गवत काढायचं, दुसऱ्यातलं राहू द्यायचं. कुठली रोपं किती वाढतात ते मी मोजते. हा राहू द्यायचा तुकडा होता."

त्याने हातातलं गवत हळूच जमिनीवर उभं करून पाहिलं— ते आडवं पडलं.

"एकेक लावून देऊ का?" त्याने विचारलं, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. रागातही तिला हसू फुटलं.

थोड्या वेळाने पाहणीला आलेले तिचे साहेब मात्र हसले नाहीत. "गवत काढू नये, अशी पाटी असते तिथे. दिसली नाही?"

"चुकलं माझं," तो म्हणाला. "लक्ष नव्हतं."

ती गप्प राहिली. पाटी तिने रंगवायला काढली होती आणि परत लावायची विसरली होती. तिच्याच हत्यारांच्या पेटीत पडली होती ती. साहेबांनी कुंपणाचं काम दुसऱ्याला द्यायचं ठरवलं, तेव्हाही तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

घरी आत्याने ताट वाढलं. "तोंड का उतरलंय गं?"

"काही नाही."

माती लागलेली ती मिशी सारखी डोळ्यांसमोर येत होती. आपण इतक्या भित्र्या निघालो याची तिला लाज वाटली. तो आवडलाय हे लक्षात आल्यावर तर फारच वाटली.

सकाळी तिने पाटी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेबांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. मग म्हणाले, "जा, थांबव त्याला. काम त्याचंच."

तो टेम्पोत तारेची भेंडोळी चढवत होता.

"पाटी माझ्या पेटीत होती," ती धापा टाकत म्हणाली. "आणि काल मी... बोललेच नाही."

"माहीत आहे. काल तुमच्याकडून मागून घेतलेली पक्कड परत ठेवायला पेटी उघडली, तेव्हा दिसली. साहेब नंतर आले."

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. "मग सांगितलं का नाहीत?"

"तुमची नोकरी गेली असती, तर मी परत इथे कशाला आलो असतो?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "काम तुम्हालाच दिलंय."

"आणि तो तुकडा?"

"बाद झाला. आता तिथलं कुणी काही मोजणार नाही."

"मग तिथे बसता येईल दोघांना."

"मला तुमच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटतेय हो."

"हरकत नाही," तो म्हणाला. "मी बघतो. तुम्ही गवत उपटा."